तेवीस मिनिटांचं गाणं

“आज कुठला ऐकायचा?” नयनताईंनी पदराने स्पीकर पुसत विचारलं.

महेंद्रने खिशातून फोन काढला. कोपरच्या या घरी येण्याचा त्याचा हा सातवा रविवार. तो दुपारी यायचा, एक अल्बम ऐकवायचा आणि चहा पिऊन निघायचा.

“काकू, आजचा जरा अवघड आहे. कॉपर ऑर्चर्ड बँडचा ‘द टाइड क्लर्क’. रेकॉर्डची अख्खी एक बाजू म्हणजे एकच गाणं, तेवीस मिनिटांचं. पण प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकायचं तर हा चुकवायचा नाही.”

“संदेशला आवडायचा?”

“सगळ्यात जास्त. मध्येच ठेका बदलून सात मात्रांचा होतो ना, तिथे तो डबा बाजूला ठेवून ऐकत बसायचा.”

नयनताईंनी ते वहीत लिहून घेतलं.

संदेश त्यांचा एकुलता एक. मार्चमध्ये एका सकाळी स्टेशनवरून वागळे इस्टेटमधल्या कंपनीत पायी जाताना एका गाडीने त्याला मागून उडवलं. गाडी थांबली नाही. पुढे सापडलीही नाही.

महिन्याभराने महेंद्र दारात येऊन उभा राहिला. “मी संदेशचा मित्र. शेजारच्या कंपनीत आहे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही गाणी ऐकायचो.” बोलताना तो भिंतीवरच्या फोटोकडे बघत होता. फोटोत संदेशच्या अंगात कुठल्याशा रॉक बँडचा काळा टीशर्ट होता.

नयनताई रडल्या नाहीत. आतून वही घेऊन आल्या. “काय काय ऐकायचात ते सांग. मी कुठून सुरुवात करू, ते पण सांग.”

महेंद्रला हे संगीत कॉलेजपासून पाठ होतं. आधी त्याने सोपे अल्बम दिले, बासरी असलेले, छोट्या गाण्यांचे. मग एक इटालियन बँड. “शब्द नाही कळले तरी चालतं काकू, नुसता ऑर्गन ऐका.” त्या खरंच ऐकायच्या, डोळे मिटून. मुलाबद्दल स्वतःहून एक अक्षर बोलायच्या नाहीत. फक्त विचारायच्या.

“सोबत गायचा का रे तो?”

“गायचा ना. बेसूर, पण जोरात.”

तेही वहीत जायचं, तारखेसकट.

आज गाणं सुरू झालं तशा नयनताईंनी आवाज पूर्ण वाढवला. खिडकीची काच थरथरायला लागली. अकराव्या मिनिटाला सगळी वाद्यं एकदम थांबली आणि एकटा ट्रम्पेट किंचाळला. लांब, कर्कश. दोनदा.

महेंद्रच्या हातातला चहा पँटवर सांडला.

“काय झालं रे?”

“काही नाही काकू.”

“बंद करू?”

“नको. असू दे.”

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. गाणं संपेपर्यंत त्यांनी नजर हटवली नाही. 

नयनताईंनी वही मिटली. त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

“तू त्या सकाळी हॉर्न वाजवला असशील रे,” त्या हळूच म्हणाल्या. “पण माझा संदेश जन्मापासून बहिरा होता.”