आबांची लाल गाडी

पारसनीसांनी बॉनेट उचललं आणि त्यांचं बोलणं मध्येच तुटलं. आत इंजिन नव्हतं. चिमणीचं जुनं घरटं तेवढं होतं.

जुन्या गाड्यांचा नाद असलेला हा माणूस पुण्याहून मुद्दाम सिरसाळ्याजवळच्या त्या गावात आला होता. तासाभरापासून सत्यभामाला समजावत होता. अशा विलायती शर्यतीच्या गाड्या कंपनीनं मोजक्याच काढल्या. त्यातल्या आता किती उरल्या असतील, कोण जाणे. सत्यभामाला खरंच नवल वाटत होतं. जिच्यात दोनच माणसं बसतात, कडब्याच्या चार पेंढ्या मावत नाहीत, तिच्यासाठी कुणी मळ्याएवढी रक्कम का मोजावी? सगळं मूळचं असावं लागतं, पारसनीस म्हणाले होते. मूळचं इंजिन असेल तर मागाल ती किंमत.

सत्यभामाला आबांचा राग आला. ते गेल्यापासूनचा हा पहिलाच राग. तिचे वडील, सुंदरराव, म्हणजे गावच्या पाणीपुरवठा सोसायटीचे चेअरमन, दिलेल्या शब्दाला जागणारे. लहानपणी ती या गाडीत एक फेरी मागायची, तेव्हा मात्र दर वेळी म्हणायचे, "मोठी झालीस की." बहात्तरच्या दुष्काळात तिला अंबाजोगाईला मावशीकडे ठेवलं. परत आली तरी उत्तर तेच. म्हणजे इंजिन विकलं, आणि लेकीला नुसतं झुलवत ठेवलं?

तेवढ्यात शेडमधला दिवा गेला. पंधरा वर्षांनी पुन्हा तसाच दुष्काळ पडला होता. वीज गेली की सोसायटीच्या विहिरीवर मुंजाजी रॉकेलवरचं जुनं इंजिन चालू करायचा. लांबून त्याची घरघर आली. पारसनीस कान टवकारून उभे राहिले. मग ढेकळांतून पळत सुटले. सत्यभामा त्यांच्यामागे.

विहिरीवर घागरींची रांग होती. इंजिनावर गेल्या दसऱ्याचा झेंडूचा हार वाळून काळा पडला होता. दसऱ्याला सगळे आपापल्या गाडीला हार घालायचे. आबा लाल गाडी नुसती पुसायचे आणि हार घेऊन इकडे यायचे. चेअरमनला गावाचं आधी बघावं लागतं, असं तिला वाटायचं.

पारसनीसांनी रुमालानं काजळी पुसून नंबर वाचला. गाडीवरच्या कंपनीच्या पाटीत इंजिनाचा म्हणून कोरलेला, तोच.

"मुंजाजीकाका, हे कधीपासून इथं आहे?" सत्यभामानं विचारलं.

"बहात्तरपासनं. समद्या गावाला ठाव हाय."

"मग मलाच का नाही सांगितलं?"

मुंजाजी ओशाळला. "आबा म्हनले, पोरीला गाडीचं लई याड हाय. कळलं तर रडंल."

पारसनीस इंजिनापासून हलायला तयार नव्हते. सांगाल तो आकडा देतो, म्हणाले. सत्यभामा रांगेकडे बघत होती.

"गाडी न्या. हे इथंच राहील."

"अहो ताई, याच्याशिवाय त्या गाडीला काय किंमत आहे?"

"ते आबांनाही माहीत होतं," ती म्हणाली.