धुतलेला स्वेटर

"काकू, त्याच्या अंगावरचं, न धुतलेलं काहीतरी द्या," हवालदार बाई म्हणाल्या. त्यांच्या पायाशी वास घेणारं यंत्र उभं होतं. हरवलेल्या माणसाचा माग ते महिन्याभरानंतरही काढायचं.

कुमुदिनीबाईंनी दोरीवर वाळणाऱ्या स्वेटरकडे पाहिलं. त्यांच्या चाळिशीतल्या मुलाने, श्रीरंगने, तो राखाडी स्वेटर कित्येक महिने अंगावेगळा केला नव्हता. धुतला तर डोक्यातले आवाज वाढतील म्हणायचा. परवा तो स्वेटर खुंटीला अडकवून बाहेर पडला, तेव्हा त्यांना वाटलं, पोरगं सुधारतंय. त्यांनी चादरी-अभ्र्यांसकट सगळं भिजवलं आणि स्वेटर हाताने चोळून चोळून धुतला. श्रीरंग परतलाच नाही.

त्यांनी दोरीवरचा स्वेटर आणून दिला. यंत्राने तो हुंगला, अंगणात एक फेरी मारली आणि येऊन कुमुदिनीबाईंच्याच पायाशी थांबलं.