वेतोबाच्या वहाणा

ग्रामपंचायतीने आणि जंगल खात्याने मिळून राईवर ठेवलेला राखणदार, लंगडा सगुण, लाकूडचोरांनी राईतच मारला. त्याच्या जागी यायला कोणी धजेना. तरीही वर्षभर राईतल्या एकाही झाडाला कुऱ्हाड लागली नाही.

वेतोबाला नव्या वहाणा वाहायच्या दिवशी रेंजरसाहेब देवळात आले. सरपंच म्हणाले, “आता राखणदार कशाला, साहेब? देव स्वतःच रात्रीचा राईत फिरतो. गेल्या वर्षी वाहिलेल्या या वहाणा बघा, कशा झिजल्यात!”

सगुणची बायको जानकी पुढे झाली. तिने त्यातली डावी वहाण उचलली. एकाच बाजूने तिरकी झिजलेली टाच तिने पदराने पुसली.

“दादानू,” ती सरपंचांना म्हणाली, “आपलो वेतोबा लंगडो नाय.”