मानाची साडी

कंपनीत नवं माणूस आलं की त्याचा लॅपटॉप कामाजोगा करून द्यायचं काम समर्थकडं. माणसामागं दोन दोन दिवस मोडायचे. यंदा त्यानं लागणारी सगळी सॉफ्टवेअर्स एका कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच तयार संचात, भरून ठेवली. आता एक कमांड दिली की अख्ख्या टीमचे लॅपटॉप आपसूक तयार होतात, त्याच्यावाचून. कंपनीनं त्याचा सत्कार केला. गावी, कार्ल्याला घरी येताच त्यानं मानाची शाल आईच्या मांडीवर ठेवली.

"आई, दोन दिवसांचं काम दहा मिनिटांत! आणि सगळं मी बसवलंय."

नंदाबाई हसली नाही. तिनं ट्रंकेच्या तळातून एक हिरवी साडी काढली. कोरी, घडीही न मोडलेली.

"भात लावायचं यंत्र आलं त्या साली आवणीच्या समद्या बायांतनं मलाच बोलावलतं. रोप कसं धरायचं, किती अंतर सोडायचं, यंत्रवाल्यांना समदं मीच दाखवलं. मालकानं भर शिवारात ही साडी दिली मला."

"मग नेसली का नाहीस कधी?"

"पुढल्या आवणीला नेसीन म्हनलं." तिनं शालीची घडी घालून ती साडीवर ठेवली. "बोलावणंच न्हाई आलं, बाळा."