काझिकने न विचारलेला प्रश्न

ईस्टरच्या सकाळी काझिकने ताटलीतलं सॉसेज संपवलं, तोंड पुसलं आणि पुतणीला म्हणाला, "लॉरेन, तुझा आरोग्य विमा आज उरकून टाकू."

लॉरेनची आई स्टेफनिया ईस्टरसाठी लोण्याचं घडवलेलं कोकरू कापत होती. तिचा चाकू कोकराच्या मानेवरच थांबला.

काझिक तिचा धाकटा दीर. अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या त्या गल्लीत निम्म्या घरांचे विमे त्यानेच उतरवलेले. काही वर्षांपूर्वी याच टेबलावर, घरचीच माणसं म्हणून, तिच्या तोंडून निघून गेलं होतं. लॉरेन पोटात असताना, गर्भ टिकावा म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिने घेतल्या होत्या. आणि आता डॉक्टरच म्हणत होते, त्या गोळ्या घेतलेल्या आयांच्या मुलींना कॅन्सरची भीती असते, दरवर्षी तपासायला हवं. दीर पडला धुतल्या तांदळासारखा. त्याने ते इमानाने कंपनीला कळवलं आणि कंपनीने लॉरेनला विमा नाकारला. आधी गोळ्या, मग जीभ. लेकीचं वाटोळं आपण दोनदा केलं, हे स्टेफनियाच्या मनाने घेतलं ते घेतलंच. तेव्हापासून दर ईस्टरला रिवाजाप्रमाणे चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेल्या अंड्याच्या फोडी घरभर वाटताना ती दिराला नेमकी विसरायची. आजही विसरली होती.

काझिक विचारू लागला. वय, नोकरी, सिगारेट. स्टेफनियाने ओठ घट्ट मिटून घेतले. पण त्याने पेनाला टोपण लावलं.

"काका, आणि ते गोळ्यांचं?" लॉरेननेच विचारलं.

"ते आता विचारायचं नाही. कायदा झालाय. तेवढ्यासाठी कंपनीला कोणाला नाही म्हणता येणार नाही." मग तो स्टेफनियाकडे वळला. "वहिनी, तू मोठ्याने सांगितलंस तरीही."

दुधाने तोंड पोळलेली बाई ती. खात्री करून घेतल्याशिवाय थोडीच राहणार? तिने चाकू खाली ठेवला.

"मी त्या गोळ्या घेतल्या होत्या, काझिक. रोज. एकही चुकवली नाही."

"ऐकलं," तो म्हणाला. "विमा होणार."

लॉरेनने आईचा हात धरला. स्टेफनियाला किती दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. डोळे पुसून तिने बशीत उरलेलं अंडं कापलं आणि फोड दिरापुढे धरली.

"घे. मागच्या वर्षांची मात्र मिळायची नाही."