बासष्ट ग्रॅम

त्याने चमचा तोंडात घातला, गालाच्या आतून फिरवला, बाहेर काढून उजेडात पाहिला आणि पुन्हा टोपलीत टाकला. बाकीच्या वीस-पंचवीस नव्या चमच्यांत.

"तोंडात नीट बसत नाही," तो म्हणाला. "दुसरा बघू."

नर्स त्याच्या शेजारीच उभी होती. दिवसभर वॉर्डात पू, रक्त, उलट्या निस्तरणारी ती. सहसा ती कशालाच नाक मुरडत नसे. आत्ता मात्र तिने तोंड फिरवलं. पुढच्या महिन्यात याच माणसाशी तिचं लग्न होतं, आणि लग्नानंतर लगेच आठ दिवस डोंगरात पायी हिंडायचं ठरलं होतं. त्यासाठीच स्वयंपाकाचं हलकं सामान घ्यायला दोघं या दुकानात आली होती.

दुकानाच्या मालकीणबाईंनी टोपली उचलली आणि काउंटरखाली ठेवली.

त्याने खिशातून वजनाचा, हुक असलेला छोटासा काटा काढला. एकेक पातेलं त्याला लटकवून बघू लागला. अॅल्युमिनियमचं नको, जड. टायटेनियमचं चालेल, पण झाकण कशाला? झाकण काढून वजन करा. आणि हा कान कापून मिळेल का?

"कान कापला तर गरम भांडं धरणार कशाने?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हिच्या ओढणीने," तो हसत म्हणाला. "मावशी, ग्रॅम ग्रॅम करूनच किलो होतो."

तासाभराने काउंटरवर एक बर्नर, एक पातेलं आणि एक चमचा एवढंच उरलं.

"ताटल्या?" नर्सने विचारलं.

"कशाला? पातेल्यातच शिजवायचं, पातेल्यातच खायचं. आधी मी गरम गरम खाऊन घेईन, मग तू. शेवटी बोटाने चाटूनपुसून घेतलं की भांडं लख्ख. घासायला पाणी नको, साबण नको. मागच्या वेळी आठही दिवस मी असंच केलं."

तिच्या डोळ्यांसमोर ते पातेलं आलं. तळाला चिकटलेल्या नूडल्स, कडेला त्याच्या बोटांचे ओघळ, आणि त्यातच उकळलेला सकाळचा चहा. तिने मागच्या फळीवरून एक मग उचलून समोर ठेवला.

"हा माझा. मला वेगळा लागेल."

त्याने तो मग काट्याला अडकवला. "बासष्ट ग्रॅम. उगाच. कोण वाहणार?"

"मी वाहीन."

"तुझ्या सॅकमध्ये आधीच अकरा किलो झालेत."

"अकरा?" ती त्याच्याकडे बघतच राहिली. "अकरा कसे झाले?"

"तंबू, गॅस, ही भांडी, दोघांचा शिधा. मी यादी केली आहे ना." त्याने मोबाइल पुढे केला. यादी सुबक होती. दोन रकाने, दोन रंग.

"आणि तुझ्याकडे?"

"साडेचार," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "गेल्या वर्षी पाच होतं. ट्रेकिंगच्या ग्रुपवर कुणाचाच विश्वास बसणार नाही. अगं, पुढे जाऊन वाट शोधायची तर एकाने हलकं असायलाच हवं. आणि तू तर पेशंट उचलतेस रोज."

मालकीणबाई काच पुसत होत्या. त्यांचा हात थांबला.

नर्सने त्याच्याकडे नीट पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, कापलेली नखं, हसरे डोळे. घरी सगळे म्हणत, किती टापटिपीचा मुलगा आहे. अंगावरून गोगलगाय सरपटत जावी तसं तिला झालं.

तिने पर्समधून त्या मगचे पैसे काढून काउंटरवर ठेवले आणि तो मग पर्समध्ये टाकला.

"मलाच वगळ," ती म्हणाली. "डोंगरातूनही आणि लग्नातूनही. अगदी हलका होशील."

तो हसला. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू ओसरलं. ती दाराशी पोचली तरी तो तिथेच उभा होता. कपाळाला आठ्या घालून मोबाइलवरच्या यादीत बोट खालीवर करत होता.

"थांब, थांब," त्याने मागून हाक मारली. "मग तंबू कोण उचलणार?"