कुलपाची शिकवणी

घड्याळजीकाकांना कुलूप ओढून बघायचा रोग. बायको म्हणायची, "अहो, दार उखडून हातात येईल एक दिवस." ती गेली आणि रोग वाढला. दुकान उघडायला दुपार व्हायची, गिऱ्हाइकं तुटली. शेवटी लेकीनं मोबाइलवर उपचार लावून दिले.

काकांनी मोबाइल जिन्याच्या कठड्यावर टेकवून घराला कुलूप लावलं.

"आता हात खिशात," पडद्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जीव घाबरा होईल, होऊ द्या. ओढायचं मात्र नाही."

काका घामाघूम होऊन उभे राहिले.

दार खडखडलं.

"काका, ओढलंत ना?"

"नाही हो, बाई." त्यांनी दोन्ही हात पडद्यासमोर धरले.

दार पुन्हा खडखडलं. कुलूप नीट लागलंय का, ते रिकाम्या घरातून कुणीतरी ओढून बघत होतं.